साठ दिवसांची वसुबारस

सज्जनहो, आज एका प्रश्नाचा विचार करू. गाय दूध देत असते तेव्हा आपण तिला चारा घालतो, ढेप ठेवतो, पाणी दाखवतो. याला सेवा म्हणावे की व्यवहार? भरल्या कासेच्या गाईपुढे टोपले ठेवणे आणि दुकानात पैसे मोजून माल घेणे, यांत फरक तो कोणता?

प्रश्न कडू वाटेल. पण आपल्या परमार्थाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. देवाकडे काही मागण्यासाठी केलेली भक्ती वेगळी आणि निव्वळ प्रेमापोटी केलेली भक्ती वेगळी, हे आपण वर्षानुवर्षे कीर्तनात ऐकत आलो. सकाम आणि निष्काम हे शब्द कानांच्या सवयीचे झाले. शब्द सवयीचा झाला म्हणून गोष्ट अंगी आली असे होत नाही. ती अंगी आली की नाही हे पाहायला फार दूर जायला नको. घरामागच्या कोठ्यात जा. तिथे सात महिन्यांची गाभण गाय उभी असेल, तर आपल्या निष्कामतेची परीक्षा तिथेच बांधलेली आहे.

आमचा देवरी तालुका महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. महामार्गाने थोडे पुढे गेले की छत्तीसगड लागते. धानाचा आणि जंगलाचा मुलूख. ज्याला तुम्ही गोठा म्हणता त्याला आम्ही कोठा म्हणतो, आणि धान झोडून उरलेल्या काडाला तणीस. सकाळी गावची जनावरे आखरावर गोळा होतात आणि गायकी त्यांना रानात नेतो. दिवाळीत गायगोधन असते. गाई सजतात, गोवारी बांधव नाचतात, सारा गाव गोधनाला हात जोडतो. गाईविषयीचा भाव आमच्याकडे कमी नाही. तुमच्याकडेही नसणार. विचार करायचा तो हा, की हा भाव वर्षातल्या कोणत्या दिवशी गाईच्या उपयोगी पडतो?

गाय फळल्यापासून सुमारे २८० दिवसांनी विते. आपले वाडवडील नऊ महिने नऊ दिवस म्हणत, तो हिशेब बरोबरच होता. यातले शेवटचे दोन महिने फार मोलाचे. पोटातल्या वासराची बहुतेक वाढ शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत होते. पुढच्या वेतासाठी कास पुन्हा तयार होते ती याच काळात. म्हणून पशुवैद्य सांगतात, की विण्याच्या साठ दिवस आधी गाईचे दूध आटवावे. लिटर-दोन लिटर मिळत असले तरी धार काढणे थांबवावे. ज्यांच्या गाई जास्त दुधाच्या आहेत त्यांनी आटवताना सडांत औषध सोडायचे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आता घरोघर काय घडते ते पाहा. दूध थांबले की ढेपही थांबते. जी गाय काल बादली भरत होती, तिला आज कोरडी तणीस. घरधनी म्हणतो, भाकड आहे, कशाला खर्च करा? तणशीत प्रथिने थोडी, स्फुरद तर फारच थोडे, आणि तिच्यातले काही घटक कॅल्शियमला धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. म्हणजे ज्या दिवसांत गाय दोन जिवांची असते, त्याच दिवसांत तिच्या तोंडचा घास आपण हलका करतो. काही जण दुसऱ्या टोकाला जातात. आटवायचेच नाही. शेवटच्या थेंबापर्यंत पिळायचे. दोन्हींचे मूळ एकच. आपण गाईला तिच्या दुधाने मोजतो.

वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो. त्या दिवशी व्रत करणाऱ्या बाया गाईचे दूध, दही, तूप खात नाहीत. या व्रताचा अर्थ मला असा वाटतो, की वर्षातून एक दिवस तरी माणसाने मान्य करावे, की हे दूध मुळात माझे नाही. ते वासराचे आहे. मी वाटेकरी आहे, तोही मागाहून आलेला. हा अर्थ खरा मानला, तर गाय आटल्यापासून विण्यापर्यंतचे दोन महिने म्हणजे साठ दिवसांची वसुबारसच. त्या दिवसांत तिच्याकडून काही घ्यायचे नाही, आणि देणे मात्र थांबवायचे नाही. तणशीबरोबर हिरवा चारा द्यावा. धान निघाल्यावर बांधावर तूर, लाखोळी जे काही मिळेल त्याचे कुटार द्यावे. विण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवत दीड-दोन किलोपर्यंत न्यावा. खनिज मिश्रण कोणते आणि किती, हे दवाखान्यात विचारावे. त्या शेवटच्या दिवसांत तिला कळपाबरोबर लांब रानात धाडू नये. या व्रताला उद्यापन नाही, ब्राह्मणभोजन नाही. कोणी पाहायलाही येत नाही. म्हणूनच ते कठीण.

इथे कोणी शंका घेईल, की महाराज, आमच्या आजोबांच्या गाई रानात विऊन वासराला घेऊन संध्याकाळी घरी येत. तेव्हा कोण डॉक्टर होता? गाय आपोआप विते.

शंका रास्त आहे, तिचे उत्तरही द्यायला हवे. आजोबांची गाय कोणती होती? आमच्या पूर्व विदर्भात गवळाऊ किंवा तशीच गावठी, काटक आणि चपळ. दूध थोडे. वासरू प्यायल्यावर घराला तांब्याभर उरले तरी पुष्कळ. तिच्या शरीरावर भारच थोडा होता. पुढे आपल्याला दूध जास्त हवे झाले. पुण्याजवळ उरुळीकांचनला गांधीजींचे अनुयायी मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढली. तिच्या आणि सरकारच्या कामातून संकरित गाई गावोगाव पोचल्या, गरिबाच्या घरी दोन पैसे आले. हे चांगलेच झाले. पण जर्सीच्या रक्ताची, आठ-दहा लिटर देणारी गाय दारात बांधायची आणि काळजी मात्र तांब्याभर दुधाच्या गाईइतकीच घ्यायची, हा हिशेब न्यायाचा नाही. जितके अधिक घ्याल तितके ऋण अधिक. परमार्थातला हा नियम कोठ्यातही लागू आहे.

हे ऋण कसे वाढते ते एका आजारावरून नीट समजते. त्याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर आहे, पण गाईचे अंग तापत नाही, उलट थंड पडते. घडते ते असे. गाय व्याली की चीक उतरतो, आणि चिकाबरोबर अंगातले कॅल्शियम भराभर बाहेर जाते. गाईच्या रक्तात एका वेळी जेवढे कॅल्शियम फिरत असते, त्याच्या कितीतरी पट दहा लिटर चिकात जाते. हाडांत साठा भरपूर असतो, पण तो बाहेर काढायला शरीराला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात गाय लटपटते, खाली बसते, मान पोटाकडे वळवते. कान गार लागतात. उपचार न झाल्यास काही तासांत जीवही जातो. हे बहुधा व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, जास्त दुधाच्या आणि तिसऱ्या-चौथ्या वेताच्या पुढच्या गाईंत दिसते.

अशा वेळी घरची माणसे घाबरून बाटलीने काढा, तेल, गुळाचे पाणी तोंडात ओततात. ते मुळीच करू नये. तिला गिळता येत नसते. ओतलेले फुप्फुसांत जाते आणि एका आजाराचे दोन होतात. तिला एका अंगावर आडवी पडू देऊ नये. तणशीचे पेंढे लावून छातीवर बसती ठेवावी आणि डॉक्टरांना बोलवावे. ते शिरेतून कॅल्शियम देतात, तेही हळूहळू, कारण घाईने दिले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून हे काम ऐकीव माहितीवर कोणी हाती घेऊ नये. वेळेत दिले, तर मेल्यागत पडलेली गाय पुष्कळदा तास-दोन तासांत उठून उभी राहते आणि वासराला हुंकार देते.

हे ऐकून तुम्हाला नामदेवरायांची कथा आठवली असेल. बादशहाने मेलेली गाय पुढे टाकली, जिवंत कर म्हणाला, आणि नामदेवरायांनी देवाला आळवले. शीख बांधवांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत, त्यांतल्या एका पदात ही कथा येते. तिच्यातली एक गोष्ट मला नेहमी थांबवून धरते. गाय उठल्यावर कथा संपत नाही. वासरू सोडले जाते, गाय दुभते, भांडे दुधाने भरते. गाय जिवंत झाली याची खूण काय, तर वासरू तिच्यापाशी पोचले. चमत्कार देवाच्या हातचा, तो आपल्या हाती नाही. पण पडलेल्या गाईजवळ रात्रभर बसणे, तिला आधार देणे आणि वेळेवर माणूस धाडणे आपल्या हाती आहे. नामदेवरायांची कथा डोळे पुसत ऐकायची आणि घरची गाय थंड पडत असताना सकाळी बघू म्हणून कूस बदलायची, तर त्या श्रवणाचे काय झाले?

या आजारातली एक गोष्ट मात्र उलटी वाटते. दुग्धज्वर होऊ नये म्हणून काही जण विण्याआधी महिनाभर गाईला कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात. पण आधीच बाहेरून भरपूर मिळत गेले, की हाडांतला साठा काढण्याची शरीराची सवय मंदावते, आणि ऐन गरजेला साठा असून उपयोग होत नाही. प्रेमानेही वाटेल ते देऊ नये. कोणत्या वेळी काय द्यावे, याचे ज्ञान सेवेला हवेच. आपल्या संप्रदायात भक्तीला ज्ञानाची जोड सांगितली आहे, ती काही केवळ ग्रंथवाचनापुरती नव्हे.

आता चिकाकडे येऊ. खरवस कोणाला आवडत नाही? वेलची घातलेला, गुळाचा, थरथरता खरवस शेजारीपाजारी वाटायची आपली रीत. रीत गोड आहे. पण माणसाचे मूल आईच्या पोटातच आईकडून थोडीफार रोगप्रतिकाराची शिदोरी घेऊन येते, तशी वासराला मिळत नाही. गाईची वार तशी नसते. वासरू जगात येते ते रिकाम्या हाताने, आणि त्याची सारी शिदोरी चिकात ठेवलेली असते. ती घ्यायचे दारही थोडा वेळच उघडे असते. पहिल्या काही तासांत वासराचे आतडे चिकातली संरक्षक द्रव्ये जशीच्या तशी रक्तात घेते. तासागणिक ते दार मिटत जाते आणि दिवसभरात बंद होते. म्हणून जन्मल्यापासून तासा-दीड तासात पहिला चीक, आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात जायला हवा. वीस किलोचे वासरू असेल तर दोन लिटर. त्याचे पोट भरल्यावर उरेल त्याचा खरवस खुशाल करा, आणि तो प्रसाद समजून खा. आधी केला, तर तो दुसऱ्याच्या ताटातला घास आहे.

याच ठिकाणी एक जुनी समजूत आड येते. जार, म्हणजे वार, पडल्याशिवाय वासराला पिऊ द्यायचे नाही, असे कितीतरी घरी पाळतात. वस्तुस्थिती उलट आहे. वासरू सडाला लागले की गाईचे गर्भाशय आकुंचन पावते आणि जार पडायला मदतच होते. जार बहुधा आठ-बारा तासांत पडते. त्याहून उशीर होऊ लागला तर डॉक्टरांना कळवावे. हाताने ओढू नये, तिला दगड किंवा जोडा बांधून लोंबकळत ठेवू नये. तशीच दुसरी समजूत, व्यायलेल्या गाईला पाणी द्यायचे नाही. ती किती थकली असेल याचा विचार करा. कोमट पाणी आणि गूळ घातलेली कण्याची पेज हा तिचा हक्क आहे. वासराला तिला चाटू द्यावे. नाळ तुटली की तिच्या टोकाला टिंक्चर आयोडीन लावावे. गाय विताना पाण्याची पिशवी दिसून तास-दोन तास झाले आणि वासरू पुढे सरकले नाही, तर चार गड्यांनी ओढाओढ न करता डॉक्टरांना बोलवावे. सरकारच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. हरिपाठाच्या पोथीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला तरी हरकत नाही.

रूढी मोडायला सांगतो म्हणून कोणी रागावू नये. आमच्या विदर्भातलेच दोन दाखले देतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आहेत, आणि त्यांतला एक अख्खा अध्याय गोवंश-सुधारावर आहे. भजनाने गावे जागवणाऱ्या संताला गाईच्या वंशाची आणि खाण्यापिण्याची चिंता परमार्थाबाहेरची वाटली नाही. दुसरा दाखला वर्ध्याचा. जमनालाल बजाज हे मोठे व्यापारी. आयुष्याच्या अखेरीस ते गोसेवेकडे वळले, १९४१ साली गोसेवा संघाचे काम अंगावर घेतले आणि वर्ध्याजवळ गोपुरीत साध्या झोपडीत राहू लागले. १९४२च्या फेब्रुवारीत ते गेले. गाईला पूजणाऱ्या या देशातच गाईचे हाल किती, ही खंत गांधीजींनी वारंवार बोलून दाखवली होती. त्या खंतीला दिलेले ते उत्तर होते. पूजा सोडून नव्हे, पूजा पुरी करण्यासाठी दिलेले.

आता वारकऱ्याच्या काळजाला लागणारा प्रश्न. गाय भाद्रपदाच्या वद्य पक्षात, पितृपक्ष सरता सरता फळली, तर मध्ये अधिक मास नसल्यास ती बरोबर आषाढी एकादशीच्या आसपास विते. आमच्याकडे तेव्हा पाऊस, कोठ्यात चिखल, शेतात रोवणीची घाई, आणि इकडे वारीचा नेम. पंढरपूर आम्हाला राज्याच्या दुसऱ्या टोकाला. गेलेला माणूस लगेच परतत नाही. वारी आली आणि गायही वेताला आली. काय करावे?

वारीचा नेम हलका नाही. पिढ्यानुपिढ्या सांभाळलेला नेम आहे, तो जुजबी कारणाने चुकवावा असे मी म्हणणार नाही. पण पंढरी ज्याच्यामुळे पंढरी झाली, त्या पुंडलिकाची कथा काय सांगते? देव दारात आला तेव्हा तो आईवडिलांचे पाय चेपत होता. त्याने हातची सेवा सोडली नाही. वीट पुढे केली. देव रागावला नाही, विटेवर उभा राहिला, अजून उभा आहे. ज्या देवाने हातातल्या सेवेसाठी थांबणे मान्य केले, तो वेणा देणाऱ्या गाईजवळ बसलेल्या भक्ताला विचारील का, की तू का आला नाहीस?

कोणी म्हणेल, महाराज, अशाने लोकांना निमित्त मिळेल. मिळेल. पण निमित्त ओळखणे कठीण नाही. गाईसाठी थांबलेला माणूस रात्री कंदील घेऊन कोठ्यात दिसतो. निमित्त करणारा चौकात पानाच्या टपरीवर दिसतो. आणि खरे तर पेच टाळताही येतो. गाय फळली तो दिवस भिंतीवर लिहावा, २८० दिवस मोजावे. वेत वारीत येत असेल तर नऊ महिने आधीच कळते. जाणता शेजारी, भाऊबंद, दिंडीतला यंदा न जाणारा माणूस, कोणावर तरी कोठा सोपवता येतो. दिंडीत आपण एकमेकांचे ओझे वाहतोच, मग गावात का नाही? कोणीच नसेल, तर मात्र थांबावे.

पण हा पेच आपल्याला इतकी वर्षे पडला कसा नाही, हेही विचारायला हवे. त्याचे उत्तर घरातच आहे. आपण टाळ घेऊन निघालो तेव्हा मागे कोणीतरी होते. शेण काढायला, आंबोण ठेवायला, मध्यरात्री उठून गाईच्या पाठीवरून हात फिरवायला घरची माउली होती. आपली वारी घडली ती तिच्या न घडलेल्या वारीवर. कितीक घरांत पुरुषाच्या तीस वाऱ्या झाल्या आणि तिची एकही नाही. तिने सेवेत कसूर केली नाही, आणि आपण मात्र पुण्याचा हिशेब आपल्या एकट्याच्या नावे मांडला. तेव्हा गाय वेताला आली असेल त्या वर्षी एक करून पाहा. तिच्या गळ्यात माळ घाला, डोईवर तुळस द्या, दिंडीबरोबर तिला पाठवा आणि कोठ्यात तुम्ही राहा. गाय कशी विते, चीक कसा पाजतात, जारेची वाट कशी पाहतात, हे त्या रात्री कळेल. पुंडलिक वाचून जेवढा कळला नसेल तेवढा कळेल.

आरंभी विचारले होते, की सेवा कुठली आणि व्यवहार कुठला. दूध असताना केलेली सेवा खोटी, असे मी म्हणत नाही. पण ती खरी होती की नाही हे दूध आटल्यावर ठरते. गाय आटेल त्या दिवशी भिंतीवर खूण करा, आणि तिथून साठ दिवस ही वसुबारस पाळा. तिच्याकडून काही घेऊ नका, द्यायचे थांबवू नका, आणि विण्याच्या रात्री जागे राहा. विठ्ठल माउली सर्वांच्या कोठ्यातली वासरे सुखी ठेवो.

रामकृष्ण हरी.